दुसरा ठिपका

“मग, काय ठरवलंत माझं?” हाल्बेराने विचारलं आणि ती काखेत साबण चोळत राहिली.

आम्ही दोघी नागड्या होतो. तलावात उतरण्याआधी सगळ्याच बायका अशा रांगेने फवाऱ्यांखाली उभ्या असतात. समोरच्या भिंतीवर माणसाची आकृती रंगवलेली. डोकं, काखा, जांघा आणि पावलं लाल रंगात, म्हणजे कुठे जास्त चोळायचं हे अडाण्यालाही कळावं. काचेच्या खोलीत देखरेखीची बाई बसलेली असते आणि कुणी अंघोळ न करता सटकत नाही ना, हे पाहत असते. आइसलंडमध्ये लाज ही वस्तू शाळेतल्या पोहण्याच्या पहिल्या तासालाच धुऊन निघते. त्यामुळे मान वळवली तेव्हा मी काही चोरून पाहिलं असं नाही. पण पाहिलं. डाव्या स्तनावर तळव्याएवढा डाग, मध्ये जांभळा, कडेला पिवळा, सुई घातली होती तिथे. सुई माझ्या सहकाऱ्याने घातली होती. मी रेडिओलॉजिस्ट, सहसा फक्त चित्रं पाहते. हा स्तन खुद्द त्याच्या मालकिणीने पाहिला नसेल इतक्या बारकाईने मी पाहिला होता, करड्या चकत्यांत कापलेला, अंधाऱ्या खोलीत, कॉफी पीत. त्याच्या वर एक मान आहे, मानेवर शाम्पूचा फेस ओघळतोय आणि फेसाआडून दोन डोळे माझ्याकडे बघताहेत, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

“गुरुवारी ओद्गेर सांगेल,” मी म्हटलं. “सर्जन तो आहे.”

“म्हणजे ठरलंय.”

डोळ्यांत साबण गेल्यासारखं करून मी तोंड पाण्याखाली धरलं. ठरलंय म्हणजे काय, चांगलं वाजतगाजत ठरलंय. काल बोल्लांचा सोमवार होता. इस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस या देशात कुणी पाळत नाही, पण त्याआधीची खादाडी मात्र सगळा देश निष्ठेने पाळतो. सकाळपासून घराघरांत, कचेऱ्यांत, शाळांत साय भरलेले गोल पाव, त्यांवर चॉकलेटचा थर. आमच्या बिनखिडकीच्या खोलीतही लांब टेबलावर दोन मोठी ताटं मांडलेली. आम्ही तिथे दर सोमवारी जमतो: कापणारे, औषधं देणारे, किरणं सोडणारे, भिंगाखाली बघणारे, आणि माझ्यासारखे चित्रं वाचणारे. एकट्या डॉक्टरच्या हातून चूक होऊ नये म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवायचं, अशी ही उदात्त योजना. परदेशी पाहुणे आले की त्यांना ही खोली दाखवतात. सात शहाणे एकत्र बसले म्हणजे शहाणपण सातपट होतं, असा तिच्यामागचा हिशेब आहे. मला इतक्या वर्षांत दिसलंय ते असं की जबाबदारीचे तेवढे सात तुकडे होतात, आणि इतका बारीक तुकडा कुणाच्याच घशात अडकत नाही.

नियम असा की नाव घ्यायचं नाही. पडद्यावर फक्त वय, व्यवसाय, गाठीचं माप. काल पडद्यावर आलं: एकाहत्तर वर्षांची बाई, निवृत्त पोहण्याची शिक्षिका, अजूनही तान्ह्या बाळांचे वर्ग घेते. एवढ्याशा देशात हे नाव न घेणं म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिणं. ओद्गेरने तोंडातला घास कसाबसा गिळला. “अरे, ही तर आपली हाल्बेरा!” मग काय, बैठकीची जत्रा झाली. ओद्गेर आमचा थोरला सर्जन. चांगला उंचापुरा, हात खरोखर कसबी, आणि त्या हातांपलीकडे जगात काही नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत. तो म्हणाला, “मला तिने मानगुटीला धरून खोल पाण्यात फेकलं होतं. तळाला जाऊन वर आलो तेव्हा पोहायला येत होतं.” औषधवाली स्वान्हिल्दुर टाळ्या पिटत म्हणाली, “मलापण! पोलादी बाई ती. कधी कुणाला रडू द्यायची नाही.” पॅथॉलॉजिस्ट मार्तेन उत्तरेकडचा, त्याने हाल्बेराला जन्मात पाहिलेली नाही, तोसुद्धा मान डोलवत म्हणाला, की हो, असं ऐकलंय खरं.

त्या हशात माझी पाळी आली. मी चित्रं दाखवली. मोठी गाठ ही, हिच्यात कॅन्सर आहे, यात वाद नाही. पण चार बोटं अंतरावर हा दुसरा ठिपका आहे, लहानसा, कडा अस्पष्ट. तो कॅन्सरचा असेल तर सगळा स्तन काढावा लागेल. नसेल तर नुसती गाठ काढून, मागाहून रेडिएशन देऊन स्तन राखता येईल. तेव्हा आधी त्या ठिपक्यात सुई घालून बघू. साधी गोष्ट होती, दोन दिवसांचं काम. दुसरी कुणी अनोळखी बाई असती तर मी न सांगताच त्यांनी ती सुई मागवली असती. पण ही हाल्बेरा. “उन्नुर, तू काय तिला ओळखत नाहीस?” ओद्गेर म्हणाला. “आणखी एका सुईसाठी बोलावलं तर ती आपल्यालाच तलावात फेकेल. ती म्हणणार, काढा रे एकदाचं आणि मला मोकळी करा.” पुन्हा हशा. स्वान्हिल्दुर म्हणाली, “खरंय, ताटकळत राहणाऱ्यातली नाहीच ती.” ओद्गेरने अंगठ्यावरची साय चाटली आणि विचारलं, “मग, एकमत?” सगळ्या माना हलल्या. माझीही हलली. माझं तोंड सायीने भरलेलं होतं.

फवारा बंद झाला तरी मी तिथेच उभी होते. हाल्बेरा पोहण्याचा पोशाख अंगावर चढवत होती. या वयातही एका पायावर उभी राहून, भिंतीचा आधार न घेता. आमच्याकडे अहोजाहो करायची पद्धत केव्हाच मोडीत निघाली. मंत्र्यालाही नावाने हाक मारायची आणि विहिणीलाही. शिक्षिकेला तर पहिल्या दिवसापासून. आम्हाला त्याचा मोठा अभिमान. पण सगळेच सगळ्यांना एकेरीत बोलवतात, म्हणून सगळ्यांनाच वाटतं की आपण एकमेकांना आतून-बाहेरून ओळखतो. नातं चौथ्या पिढीत निघतं, वर्ग एकच असतो, घरं शेजारी असतात, मग विचारायचं काय? विचारणं म्हणजे परकेपणा. अनोळखी माणसाला आम्ही नीट विचारतो, समजावून सांगतो, दोनदा सांगतो. ओळखीच्याला गृहीत धरतो आणि त्याला प्रेम म्हणतो. या गृहीत धरण्याची मला किळस येते, आणि मी स्वतः त्यातच वाढले आहे. त्यातून बाहेर उभं राहायला जागाच नाही इथे.

आणि ते फेकणं. हाल्बेराने कधी कुणाला पाण्यात फेकलं नाही. मी त्याच वर्गात होते. मला आठवतो तो तलावाचा काठ, हिवाळ्यातला शाळेचा पहिला तास, बाहेर अजून काळोख, पाण्यातून वाफ वर येतेय आणि माझ्या पायाची बोटं काठाला घट्ट वळलेली. बाकीची मुलं उतरली, पलीकडे गेली, परत आली. मी उभीच. हाल्बेरा खाली पाण्यात उभी, दोन्ही हात माझ्याकडे पसरून. “उतरू या का?” तिने विचारलं. मी मान हलवली, नाही. तिने हात खाली घेतले नाहीत, दुसरं काही बोललीही नाही. तास संपला तेव्हा ती म्हणाली, “बरं.” पुढच्या तासाला तेच. “उतरू या का?” “नाही.” “बरं.” किती तास गेले ते मला ठाऊक नाही. एके दिवशी मी “हो” म्हटलं, आणि तिचे हात तिथेच होते. ओद्गेरलाही तिने असंच विचारलं असणार. मग तो मानगूट धरून फेकल्याचं का सांगतो? कारण फेकला गेलेला पोरगा शूर वाटतो, आणि ज्याला विचारलं गेलं तो नाही. अशा बढाईवर आम्ही काल एका बाईचा स्तन काढायचं ठरवलं, आणि ती बढाई आहे हे माहीत असलेली एकटी मी, सायीचा पाव चावत गप्प बसले. इतरांना हसण्याचा मला काय अधिकार? तरी मी हसतेच त्यांना. तेवढं बरं जमतं मला.

गरम कुंडात आम्ही गळ्यापर्यंत बुडून बसलो. वरून बर्फ भुरभुरत होता, तो हाल्बेराच्या पांढऱ्या केसांवर टिकत होता आणि पाण्याला लागताच नाहीसा होत होता. पलीकडे रोजचेच दोघे म्हातारे सरकारला शिव्या देत बसले होते. हाल्बेराने आवाज खाली आणला.

“दुसरं काही करण्यासारखं होतं का?”

“मला सांगता येणार नाही.”

“सांगता येणार नाही, की माहीत नाही?”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?” म्हाताऱ्यांपैकी एकाने कान टवकारून विचारलं.

“उद्या वारा सुटणार म्हणते,” हाल्बेरा म्हणाली. म्हातारा समाधानाने पुन्हा सरकारकडे वळला. तिने डावा हात पाण्याबाहेर काढला, कोपरात वाकवला, सरळ केला आणि कुणी चार दिवस वापरायला दिलेल्या वस्तूसारखा न्याहाळला. “इस्टरनंतर बाळांचा नवा वर्ग आहे. मी त्यांना या हातावर धरते. उजव्याने नाही जमत मला.” तो पुन्हा पाण्यात बुडवून म्हणाली, “सगळे माझ्याशी फार छान बोलतात तुमच्याकडे. सगळ्यांना मी आठवते. पण अजून कुणी मला काही विचारलं नाही.”

झालं. मला सगळं कळलं. तिला आपलं शरीर जसंच्या तसं हवं होतं. पोलादी बाई म्हणे! ही एक साधी बाई आहे, जिला आपला स्तन राखायचा आहे, आणि ती तसं उघड म्हणू शकत नाही, कारण सगळ्या शहराने तिला पोलादाची ठरवून ठेवलंय. मला ओद्गेरचा इतका संताप आला की त्या कढत पाण्यातही माझे दात वाजायला लागले. ओल्या केसांनीच मी बाहेरच्या बाकावर बसून त्याला फोन केला.

“दुसऱ्या ठिपक्यात सुई घातल्याशिवाय माझं एकमत नाही,” मी म्हटलं.

“काल तर मान डोलवलीस.”

“काल माझ्या तोंडात पाव होता.”

तो हसला. वाद घालेल, निदान दुखावला जाईल, अशी माझी अपेक्षा होती. “ठीक आहे ना,” तो म्हणाला, “तुला तसं वाटत असेल तर घाल. सोमवारी परत बघू.” इतकंच. एखाद्याने टेबल खिडकीपाशी हलवू या का विचारावं आणि दुसऱ्याने बरं म्हणावं, तसं. मला तर वाटतं ‘दोन्ही काढू’ म्हटलं असतं तरी तो बरंच म्हणाला असता. एकमत ही आमच्याकडे इतकी स्वस्त चीज आहे.

सुई या वेळी मी स्वतः घातली. हाल्बेरा छताकडे पाहत पडून होती. मी काही बोलले नाही. मला वाटलं आमच्यात सगळं बोलून झालं आहे. ठिपक्यात काही निघालं नाही. साधी, निरुपद्रवी पेशींची गाठ. मार्तेनने कळवलं तेव्हा मी खोलीत एकटीच होते आणि मूठ वळून टेबलावर आपटली. हाल्बेरासाठी की ओद्गेरवर मात केली म्हणून, हे मी तपासून पाहिलं नाही. दुसऱ्यांच्या गाठी तपासण्यात माझा दिवस जातो.

सोमवारी मी निकाल वाचून दाखवला. कुणाच्या चेहऱ्यावर शरमेची रेघ उमटली नाही. स्वान्हिल्दुर तर खुलली. “छानच की! मग राखू या. तिलाही तेच हवं असणार, एवढी पाण्यातली बाई, शरीराला जपणारी.” ओद्गेर म्हणाला, “अर्थात.” गेल्या सोमवारी हाल्बेरा पोलादी होती म्हणून काढायचा, या सोमवारी ती पाण्यातली आहे म्हणून राखायचा. दोन्ही सोमवारी तेवढीच खात्री, तेवढंच प्रेम. “एकमत?” ओद्गेरने विचारलं.

“मी तिला बोलावलंय, ती बाहेर बसली आहे,” मी म्हटलं. “आपण तिला विचारू.”

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पडद्यावर काही अश्लील लावलं होतं. “इथे?” स्वान्हिल्दुर म्हणाली. “गुरुवारी मी सांगतोच आहे की तिला,” ओद्गेर म्हणाला. मी उठून दार उघडलं. हाल्बेरा आत आली, केस ओले, लोकरीचा स्वेटर, अंगाला क्लोरीनचा वास. मला पुढे जे दिसलं त्यासाठी मी आयुष्यभर कृतज्ञ राहीन: सगळेच्या सगळे तज्ज्ञ पाठी ताठ करून बसले, हात मांडीवर. मार्तेनसुद्धा.

“तू कुणाचा?” तिने ओद्गेरला विचारलं.

ओद्गेरने वडिलांचं, आजोबांचं, गल्लीचं नाव सांगितलं. तिला काही आठवेना. “तू मला खोल पाण्यात फेकलं होतंस,” तो आशेने म्हणाला.

“मी? मी कुणाला कधी फेकलं नाही. नोकरी गेली असती माझी.”

मी हसू दाबलं नाही. मग मी तिला दोन्ही वाटा सांगितल्या, अगदी नीट, अनोळखी माणसाला सांगावं तशा. नुसती गाठ काढायची, मग रेडिएशन, स्तन राहतो. किंवा सगळा काढायचा. जगण्यावाचण्याच्या दृष्टीने दोन्हीत फरक नाही. सांगताना माझा आवाज पहिल्या वाटेकडे कलत होता, हे मला ऐकू येत होतं. कलू दिला मी.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “रेडिएशन चालू असताना पाण्यात उतरता येतं?”

“क्लोरीनच्या पाण्यात नको,” स्वान्हिल्दुर म्हणाली. “कातडी हुळहुळी होते. तेवढे दिवस, आणि पुढेही काही आठवडे.”

“आणि ते सगळं जखम भरल्यावर सुरू होणार.”

“हो.”

“काढून टाकला तर?”

“जखम भरली की झालं,” ओद्गेर म्हणाला. “बगलेतल्या गाठींत कॅन्सर निघाला नाही तर रेडिएशन बहुतेक लागणार नाही.”

“मग काढा.”

“हाल्बेरा,” मी म्हटलं, “ठेवता येतोय. दुसऱ्या ठिपक्यात काही नाहीये. तुला कळलं ना मी काय म्हणाले ते?”

“कळलं. छान समजावलंस.” ती माझ्याकडे पाहत होती, काठावरच्या मुलाकडे पाहावं तशी, घाई न करता. “गेल्या वर्गातला एक मुलगा आहे, इस्टरनंतर परत येतोय. माझ्या हातावर तरंगतो, बापाच्या हातावर ठेवला की किंचाळतो. त्याला मी येते म्हटलंय. त्याच्या बापालाही म्हटलंय. मला पाण्यात लवकर जायचंय, बाकी मला काही नको. काढा.” तिने स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. “बरं वाटलं विचारलंत ते.”

ती गेल्यावर दार लागलं. ओद्गेरने खुर्ची मागे रेलवली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. “मी काय म्हणालो होतो?” कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली की कावळ्याला फांदी आपणच मोडली असं वाटतं. ओरडून ते सांगावं असं मला वाटलं. पण मी तरी कोण होते? त्याच झाडावरचा दुसरा कावळा, माझी फांदी मोडली नाही इतकंच. त्याने तिला पोलादी ठरवलं, मी तिला बिचारी ठरवलं. गरम कुंडात ती हाताबद्दल बोलत होती आणि मी स्तनाबद्दल ऐकत होते. सुई घालताना ती माझ्या हाताखाली पडून होती, तेव्हा तोंड उघडून विचारायला मला कुणी अडवलं होतं? मी तिच्या वतीने भांडले, जिंकलेही, आणि ज्यासाठी भांडले ते तिला नकोच होतं. बैठकीतल्या सगळ्यांची मला घृणा वाटत आली होती. त्या दिवशी ती माझ्यापर्यंत येऊन पोचली आणि तिथेच ठाण मांडून बसली.

उन्हाळ्याचा पहिला दिवस आमच्याकडे एप्रिलात येतो. सुटी असते, मुलांना भेटी देतात, झेंडे लावतात. यंदाही प्रथेप्रमाणे त्या सकाळी बर्फ पडत होता. फवाऱ्याखाली माझ्या शेजारी हाल्बेरा येऊन उभी राहिली. डावी बाजू सपाट, तिच्यावर एक आडवी, अजून लालसर रेघ; ओद्गेरचं काम खरंच सुरेख असतं. पलीकडच्या तरण्या बायकांपैकी एकजण म्हणाली, “हाल्बेरा, आलीस पण परत! तुला काही होत नाही बाई.” दुसरी म्हणाली, “पोलाद आहे ती.” हाल्बेरा रेघेच्या कडेकडेने साबण लावत होती, बोटांच्या टोकांनी, फार सावकाश. मी बघते आहे हे तिच्या लक्षात आलं.

“काय?” ती म्हणाली. “विचार की.”

“दुखतं का?” मी विचारलं.

तिचा हात थांबला.

“हो,” ती म्हणाली. “फार दुखतं.”